प्रति: कल्पना कुणाची, श्रेय कुणाचं?
कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मग नाव कशाला द्यायचं, असं वर एकांनी विचारलंय. कायद्यापुरतं बरोबर आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा मांडणीला संरक्षण देतो, नुसत्या कल्पनेला नाही. पण श्रेय देणं ही कायद्याच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे हो! आपल्या आळंदीच्या माउलींनी गीतेवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या रचल्या, दृष्टान्तांवर ठसा त्यांचाच. तरी आपण व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट पुसत चाललोय, हे त्यांनी ग्रंथातच सांगून ठेवलं. त्यानं त्यांचं थोरपण कुठे कमी झालं? पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात एकांकिकेआधी निवेदनात मूळ कथालेखकाचं नाव ऐकलं की ती सादर करणाऱ्या मुलांबद्दल आदरच वाटतो. मग त्यांनी स्वतःची भर काय घातलीय, ते मी जास्त लक्ष देऊन बघते.