जळलेली पत्रं आणि उरलेली पत्रं

कुणीतरी म्हटलंय की चित्रकार अमृता शेर-गिल आणि जवाहरलाल नेहरूंची पत्रं जळली ते बरंच झालं, खाजगी गोष्ट खाजगी राहिली. मला हे अजिबात पटत नाही. 1938 मध्ये अमृता लग्नासाठी हंगेरीत असताना आईवडिलांनी तिची बरीच पत्रं जाळली, त्यात नेहरूंचीही होती. कळल्यावर ती फार दुखावली आणि वडिलांना तसं लिहिलंही. सामान आधीच जड झालं होतं म्हणून तिने ती मागे ठेवली होती, लपवायची म्हणून नव्हे. म्हणजे जाळण्याचा निर्णय तिचा नव्हताच. खाजगीपण जपलं म्हणायचं, तर कुणाचं?

आता आपल्या मुंबईकडे बघा. इथले वकील आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला तिचे जवळचे स्नेही. त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार टिकला, म्हणून तर अजिंठ्याची लेणी बघून तिच्या रंगांत काय बदललं, ते तिच्याच शब्दांत वाचता येतं.

जळलेल्या पत्रांत नेहरूंनी तिला काय लिहिलं असेल? 1937 साली ओळख झाली, 1941 मध्ये ती गेली, अवघ्या 28व्या वर्षी. एवढ्या थोड्या वर्षांतलं काही हरवणं फार लागतं मला. गिरगावातली आमची खोली रिकामी करताना आजीची पत्रं रद्दीत गेली, तेव्हापासून जास्तच.