कंपायलर घेऊ की सॉफ्टवेअर टेस्टिंग? एकच इलेक्टिव्ह मिळणार आहे

सेमिकोलन_कुठंय
दुसरं वर्ष संपत आलंय, पुढच्या सेमला एकच इलेक्टिव्ह (आवडीचा विषय) घेता येतो आणि शेवटी दोनच नावं उरलीयत, टेस्टिंग आणि कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम कसा बनवायचा तो विषय. डेटा स्ट्रक्चर्स आणि डीबीएमएस (डेटाबेस) बरे गेले, पण टीओसी, म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, रडत रडत चाललंय. त्यातला पंपिंग लेमा नावाचा सिद्धांत पाठ केला, पेपरात लिहिला, मार्कही पडले, पण तो नक्की कशासाठी असतो असं कुणी विचारलं तर मी गप्प. सिनियर म्हणतात कंपायलर म्हणजे टीओसीचाच मोठा भाऊ, टेस्टिंग घे, सोपं आहे, टेस्ट केसचे तक्ते भरायचे आणि मार्क घ्यायचे. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात वॉटरफॉलची (एकेक टप्पा संपवत सरळ खाली जात सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) आकृती तीनदा काढून झालीय त्यामुळे मला ते खरं वाटतंय. पुढे काम करताना कशाचा उपयोग होतो ते सांगा ना.

जुना_बग
टेस्टिंग सोपं म्हणणाऱ्या सिनियरला एक विचार, बायनरी सर्चमध्ये बग असू शकतो का? क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधला घटक बघून अर्धी यादी सोडायची, पहिल्या वर्षाचा अल्गोरिदम, सगळ्यांना तोंडपाठ. तरी जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये तो कित्येक वर्षं होता आणि २००६ मध्ये जाहीर झाला. मधला इंडेक्स काढताना लो अधिक हाय (शोधायच्या भागाची दोन टोकं) भागिले दोन करतो ना आपण, ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ३२ बिटच्या इंटिजरमध्ये मावत नाही, आकडा उणे होतो आणि प्रोग्राम आडवा. उपाय एवढाच, लो मध्ये हाय वजा लो चा अर्धा मिळवायचा. पण गंमत बघ, हे घडायला अ‍ॅरेत साधारण १०७ कोटी घटक लागतात, दहा घटकांच्या टेस्ट केसचे कितीही तक्ते भरले तरी सापडणार नाही. अल्गोरिदम बरोबर असल्याचा कागदावरचा पुरावा बरोबरच होता, फक्त कागदावरच्या पूर्णांकाला शेवट नसतो आणि मशीनमधल्याला असतो. कुठे बोट घालायचं हे कळणं म्हणजे टेस्टिंग.

एरियन ५ रॉकेटचंही तेच. ४ जून १९९६ ला उडालं आणि ४० सेकंदांच्या आत फुटलं. ६४ बिटचा फ्लोट (दशांश आकडा) १६ बिटच्या इंटिजरमध्ये कोंबला होता, त्यात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. कोड एरियन ४ वरून उचललेला, तिथे वेग कमी म्हणून कधी त्रास झाला नव्हता. चालणारा कोड दुसऱ्या घरी नेला की परत टेस्ट करावा लागतो हो.

पार्सट्री
बगभाऊंचं सगळं मान्य, तरी मी कंपायलरच म्हणेन. पंपिंग लेमाचा राग मलाही होता. मग एका प्रोजेक्टात कॉन्फिग फाइल वाचायची होती, कंसात कंस, त्यात अजून कंस. मी हुशारी करून रेगेक्सने (मजकुरातले साचे शोधायचं छोटं सूत्र) सुरू केलं. दोन पातळ्या चालल्या, तिसरी आली की फुटलं, ती जोडली की चौथी आली, असं दर आठवड्याला एक ठिगळ, शेवटी ती ओळ वाचली की माझंच मला कळेना. पंपिंग लेमा हेच तर सांगत होता की मोजक्या स्टेटच्या मशीनला किती कंस उघडले ते मोजता येत नाही, ठिगळं लावून पण नाही. (आजच्या बऱ्याच रेगेक्स लायब्रऱ्यांत जास्तीच्या सोयी असतात, पण तो रस्ता नकोच.) मग सरळ रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा, आत कंस आला की स्वतःलाच परत बोलावणारा कोड) लिहिला, एका दुपारचं काम.

आणि कंपायलरात आधीचे विषय सगळे परत भेटतात. टोकन (कोडचे सुटे शब्द) काढताना ऑटोमाटा, म्हणजे तीच मोजक्या स्टेटची मशीनं, नावांची नोंद ठेवणाऱ्या सिम्बॉल टेबलला हॅश टेबल, प्रोसेसरमधली मोजकी रजिस्टर वाटताना ग्राफ कलरिंग. तुझ्या नावावरून आठवलं, सेमिकोलन ४१ व्या ओळीत विसरतो आणि एरर ४२ व्या ओळीवर येते ना? पार्सर पुढचं टोकन बघेपर्यंत त्याला चूक कळतच नाही. स्वतः पार्सर लिहिला की एरर मेसेजचा राग निम्मा होतो.

मागचा_बाक
विषयाचं नाव बघू नका, लॅब आहे का बघा. लॅबशिवाय कंपायलर म्हणजे हाताने पार्सिंग टेबल भरत बसायचं, ते पण तक्तेच की. मागच्या वर्षीच्या असाइनमेंट मागून घे. आणि वॉटरफॉलबद्दल, १९७० च्या ज्या पेपरातून ती आकृती आली त्यात लेखक विन्स्टन रॉइसने स्वतःच लिहिलंय की असं सरळ खाली जाणं धोक्याचं आहे. आम्हाला फक्त आकृतीच शिकवली, तुम्हालाही तेच दिसतंय.

सेमिकोलन_कुठंय
असाइनमेंट मिळाल्या. कंपायलरला दोघादोघांनी मिळून अख्खी सेम एका छोट्या भाषेचा इंटरप्रिटर (कोड वाचून थेट चालवणारा प्रोग्राम) लिहायचाय, सगळ्या जोड्यांना भाषा तीच. टेस्टिंगला लॅब नाही, नुसती थिअरी आणि सबमिशन. बगदादा आता काय?

जुना_बग
मग डोळे झाकून कंपायलर घे, टेस्टिंग त्यातच कर. भाषा तीच आहे म्हणतोस ना, तर शेजारच्या जोडीशी ठरवा, एकच प्रोग्राम दोघांच्या इंटरप्रिटरवर चालवायचा, उत्तर वेगळं आलं की कुणीतरी एक चुकलंय. खरे कंपायलरही असे एकमेकांसमोर उभे करून तपासतात. फक्त कोड एकमेकांना दाखवू नका, नाहीतर चूकही तीच होईल.

पार्सट्री
वा! पहिली टेस्ट माझ्याकडून, उणे ७ भागिले २, पूर्णांकात.

सेमिकोलन_कुठंय
फॉर्म भरला, कंपायलर. आणि ते आत्ता चालवून बघितलं, सी मध्ये उणे ३ आलं, पायथनमध्ये दोन स्लॅश दिले तर उणे ४. कुणाचं चुकलंय?

पार्सट्री
कुणाचंच नाही, एक शून्याच्या बाजूला वळतो, दुसरा खाली. तुमच्या भाषेत काय व्हायला पाहिजे ते असाइनमेंटमध्ये लिहिलंय का बघ.

सेमिकोलन_कुठंय
नाही लिहिलेलं. उद्या मॅडमना विचारतो, तोवर शेजारच्यांनी काय धरलंय ते बघतो.