कूलरचं पाणी रोज घालते, तरी लिंबाची पानं जळतात. काय चुकतंय?

परसबाग, दारव्हा तालुका

नमस्कार मंडळी. आमच्या गावात मे महिन्यात नळ पाचव्या दिवशी येतो, तोही अर्धा तास. घरात सहा माणसं आणि दोन गाई. नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरतं. बाकी सगळं बोअरवर, आणि बोअरही आता वीस मिनिटांत हवा फेकते. त्यामुळे आवारातल्या झाडांना ताजं पाणी घालणं मी होळीपासूनच बंद केलं. कपडे धुतल्याचं पाणी एका ड्रममध्ये जमा करते. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी रोज सकाळी काढून दुसऱ्या ड्रममध्ये. संध्याकाळी दोन्ही मिळून लिंबाला, कढीपत्त्याला आणि चार वांग्यांना घालते.

लिंबू सासूबाईंनी लावलेला आहे. त्या जाऊन वर्ष झालं. या झाडाच्या लिंबांचं लोणचं दर वर्षी चार घरी जातं, म्हणून जीव जास्तच अडकलाय. यंदा पानांची टोकं भाजल्यासारखी तपकिरी झाली, खालची पानं गळताहेत. आळ्यातली माती वरून पांढुरकी दिसते, आणि खुरपं मारलं तर खापरावर मारल्यासारखा आवाज येतो. रोज बादलीभर पाणी घालूनही हे का? पाणी कमी पडतंय का?

खारपाणवाला, दर्यापूर

ताई, पाणी कमी नाही पडून राहिलं, मीठ जास्त होऊन राहिलं. आम्ही पूर्णा खोऱ्यातले, जन्मापासून खाऱ्या पाण्यात शेती करतो, म्हणून ती पांढरी माती वाचल्याबरोबर समजलं.

कूलर काय करतो? पाणी हवेत उडवतो. पण बोअरच्या पाण्यातले क्षार काही उडत नाहीत, ते टाकीतच राहतात. वरून पुन्हा बोअरचं पाणी ओतलं की आणखी क्षार आले. कूलरच्या गवतावर पांढरी खपली धरते ना, तीच. म्हणजे टाकीच्या तळाचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट. तेच तुम्ही रोज लिंबाला पाजलं, आणि लिंबूवर्गाला खारं बिलकूल सोसत नाही.

साबणाच्या पाण्याचं दुखणं वेगळं. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. सोड्यातल्या सोडियमनं आपली काळी माती चिकटून बसते, हवा-पाणी आत जाऊ देत नाही. तुमच्या खुरप्याचा आवाज त्याचाच.

आता खुरप्यानं वरची दोन बोटं पांढरी माती काढून आवाराबाहेर टाका. तिथं चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरा. माती मोकळी करायला जिप्समचं नाव कोणी सांगेल, पण माती तपासल्याशिवाय टाकू नका. कूलरचं आणि साबणाचं पाणी संडासात आणि गोठा धुवायला वापरा, तिथलं तेवढं ताजं पाणी वाचलं.

निवृत्त मास्तर, आर्वी

वरच्या उत्तराशी सहमत. मग लिंबाला घालायचं काय? तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं, रांजण विसळलेलं. आमच्या दोघांच्या घरात एवढंच रोज एक बादली निघतं, तुमच्या सहा माणसांत जास्तच निघेल.

आणि ते खोडाशी ओतू नका. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकाखाली असतात. भर दुपारी झाडाची सावली जिथं संपते, तिथं गोल चर काढा, त्यात पाणी द्या आणि वर सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, चांगलं वीतभर पसरा. खोडापासून चार बोटं मोकळं ठेवा, नाहीतर उधई (वाळवी) लागते. दोन दिवसांनी कुटार बाजूला करून बोट घाला, ओल हाताला लागते.

वांग्यांमध्ये गळ्यापर्यंत मडकं पुरा, त्यात पाणी भरा, ते हळूहळू मुळांशी पाझरतं. वर झाकणी ठेवा, म्हणजे डास होत नाहीत. पण माझी चूक करू नका. मी घरातलं जुनं मडकं पुरलं, पाणी आठ दिवस तसंच. ज्या मडक्यात पाणी गार होईनासं झालंय, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, ते पाझरणारच नाही. कुंभाराकडून नवं घ्या, रंगवलेलं नको, साधं लाल. त्यातही गोडं पाणीच भरा.

टिनवाली, उमरखेड

घरावर टिनाचं छत आहे का? एक चौरस मीटर टिनावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छत वीस बाय पंधरा फुटांचं, जवळपास 28 चौरस मीटर. दहा मिलिमीटरची एक सर आली तरी अडीचशे लिटरच्या वर हाती येतं. पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, टिनावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. या पाण्यात क्षार जवळपास नसतात, तुमच्या लिंबाला यासारखं औषध नाही. मृगाच्या आधी पन्हाळ बसवून घ्या.

परसबाग, दारव्हा तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जुलैची 20 तारीख, म्हणून सांगायला आले.

पांढरी माती काढली तर दोन घमेली भरली. सासूबाई भांडी विसळायला तीन गंज, म्हणजे पातेली, ओळीनं मांडायच्या. तिसऱ्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्यात जायचं, आणि झाडाला फक्त डाळ-तांदळाचं. मी ते त्यांची जुनी सवय समजत होते. आता तसेच तीन गंज मांडते.

पन्हाळीला पैसे पुरले नाहीत. एक जुना पाइप उभा चिरून टिनाच्या काठाला तारेनं बांधला, खाली दोन ड्रम. एका रात्रीच्या पावसात दोन्ही भरून वाहिले. ते वाहणारं पाणी चरानं लिंबाच्या आळ्यातून जाऊ दिलं, पलीकडून उताराला वाट काढून दिली.

जळलेली पानं गळून गेली. काल पाहिलं तर तीन फांद्यांना लालसर कोवळी पालवी आहे. फळ यंदा नाही धरायचं असं ठरवलंय. मास्तर, वांग्यांतलं मडकं तिसऱ्या दिवशी रिकामं होतं, ते बरोबर आहे ना?