गाडी रात्रभर रस्त्यावर असते, चोरीपासून काय काळजी घ्यावी?

कर्वेनगरी: मंडळी, आमची सोसायटी जुनी, पार्किंगमध्ये सगळ्या स्कूटर, त्यामुळे माझी गाडी रस्त्यावरच लागते. २०१८ ची आहे, पुश स्टार्टवाली. परवा मागच्या गल्लीतून एकांची गाडी रात्रीत गेली, काच फुटल्याचा आवाज नाही, सायरन नाही, काही नाही. तेव्हापासून मी रात्री दोनदा उठून गॅलरीतून बघतोय, बायको म्हणते आता खुर्ची टाकून तिथेच बस. जीपीएस लावू का गिअर लॉक? दोन्हीचा खर्च आत्ता नको आहे. आणि हो, दुसरी चावी लोणावळ्याला कुठेतरी पडली दोन वर्षांपूर्वी, पण एकीवर काम चालतंय.

टेकडीवाला: आधी गिअर लॉक. मेकॅनिकल वस्तू आहे, चोराला कापत बसावं लागतं आणि त्याच्याकडे तेवढा वेळच नसतो, तो शेजारची गाडी बघतो (शेजाऱ्याला सांगू नका). आता आवाज का नाही आला ते. गाडीने सिग्नल टाकला की पुश स्टार्टची चावी आपोआप बारीक सिग्नलने उत्तर देते. एक जण घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, सिग्नल लांबवतात आणि गाडीला वाटतं मालकच आला. त्यामुळे चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवू नका, आतल्या खोलीत घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि डब्यात ठेवून गाडीजवळ जाऊन बघा, दार उघडलं तर डबा बदला. दुसरी पद्धत म्हणजे स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडी तपासायला कॉम्प्युटर जोडतो ते सॉकेट) मशीन लावून नवी चावीच कोड करतात. त्या पोर्टलाही लॉक मिळतं.

मन्या: जीपीएस लावलाच तर ओबीडीत खोचायचा घेऊ नको राव, चोर पहिला तोच उपटतो. वायरिंगवाला घे, डॅशबोर्डच्या आत कुठेतरी, आणि सिमचं रिचार्ज लक्षात ठेव, माझ्या मामाने लावला होता आणि नऊ महिने रिचार्जच नव्हता.

क्लेमवाली_ताई: सगळे लॉकवर बोलताय, मला तर त्या चावीचं टेन्शन आलं! चोरीचा क्लेम करताना विमा कंपनी ओरिजिनल दोन्ही चाव्या मागते. एकच दिलीत की प्रश्न सुरू, दुसरी कोणाकडे होती, गाडीतच राहिली होती का वगैरे. माझ्या ओळखीच्या एकांचा क्लेम यातच कित्येक महिने लटकला. म्हणून आजच चावी हरवल्याची पोलिसांकडे नोंद करा, विमा कंपनीला मेल टाका, आणि नवी चावी करताना हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाकायला सांगा, म्हणजे कोणाला सापडली तरी इंजिन चालू होणार नाही. नव्या चावीचं बिल जपून ठेवा. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर चोरीचे शून्य रुपये मिळतात हे माहीत आहे ना? आणि कधी गाडी जागेवर दिसली नाही तर आधी टोइंगवाल्यांनी उचलली का ते बघा, पुण्यात निम्म्या वेळा तेच असतं 😄 नसेल तर लगेच ११२, एफआयआर, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. गाडी सापडलीच नाही तर पोलिसांची 'अ समरी' (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही असा अहवाल) लागते, त्याला वेळ जातो.

टेकडीवाला: ताई बरोबर बोलल्या, चावीचं माझ्या लक्षातच आलं नाही. एक राहिलं, एआरएआय (वाहनं तपासणारी संस्था) मान्यता असलेलं अँटी थेफ्ट डिव्हाइस घेतलं तर प्रीमियममध्ये थोडी सूट मिळू शकते, पण पूर्वीच्या टॅरिफमध्ये ती जास्तीत जास्त ५०० रुपये होती, तेव्हा त्यासाठी म्हणून घेऊ नका.

इकोवाला: तुमची निदान अख्खी गाडी नेतात, आमच्या मारुती इको व्हॅनचा नुसता सायलेन्सर नेतात. आतल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम पॅलेडियम या महाग धातूंसाठी. सकाळी स्टार्टर मारला की ट्रॅक्टर. खालून जाळी वेल्ड करून घेतलीये आता.

कर्वेनगरी: ताई, धन्यवाद. पॉलिसी बघितली, फुल आहे. चावी हरवल्याची नोंद केली, नव्या चावीचा भाव ऐकून मात्र पाणी प्यायलो. जीपीएस पुढच्या महिन्यात बघू. गिअर लॉकला नाना पेठेत, स्पेअर पार्ट्सच्या बाजारात, गेलो तर स्वस्त पडेल का?

मन्या: पडेल, पण बसवायला गाडी घेऊनच जावं लागेल, तिथे पार्किंगचं तुझं तू बघ.