३० × ६० च्या पत्र्याच्या शेडला स्क्रू-बोल्ट नेमके किती लागतात?

औसेकर_शेती
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात सोयाबीन ठेवायला ३० × ६० फुटांचं दुपाखी शेड करायचंय. लोखंडाचा आणि पत्र्याचा हिशोब फॅब्रिकेटरनं व्यवस्थित दिलाय, पण खाली एका ओळीत 'हार्डवेअर ठोक' एवढंच लिहिलंय. विचारलं तर म्हणतो ६०० स्क्रू लागतील. लातूरचा दुकानदार म्हणतो, हजार न्या. कोणाचं खरं धरावं?

माप असं: ट्रस (छपराच्या लोखंडी कैच्या) ६, खांब १२, अंतर १२ फूट. एका पाखीला (छपराच्या एका उताराला) ५ पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप, ४०×८० चा अडीच मिमी पाइप, चार-चार फुटांवर. पर्लिन ट्रसला वेल्ड होणार. पत्रा ०.५० मिमी, १७ फुटी एकसंध, झाकणारी रुंदी १ मीटर. दोन्ही गेबलला, म्हणजे शेडच्या दोन्ही टोकांना, पत्रा फूट-फूट बाहेर.

साइट_नांदेड
दोघंही क्षेत्रफळावरून अंदाज सांगत असणार. स्क्रू क्षेत्रफळावर मोजायचे नसतात. पर्लिनच्या किती ओळी आणि प्रत्येक ओळीवर पत्र्याचे किती उंचवटे, यावर मोजायचे. याच शेडला ५ ऐवजी ४ पर्लिन टाकल्या तर पत्र्यामागे ३ स्क्रू कमी होतात, म्हणजे ११० च्या वर फरक, आणि छप्पर तेवढंच.

पत्रे: ६० + २ = ६२ फूट. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून एका पाखीला १९, दोन्हीला ३८.

उंचवटे: जोडाचा एकदाच धरून पत्र्याला ५ येतात असं मानतो. काही पत्र्यांना ४ च येतात, तेव्हा दुकानात पत्रा समोर ठेवून मोजा. सगळा हिशोब याच आकड्यावर उभा आहे.

वळचणीची आणि मोभाजवळची पर्लिन: प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, म्हणजे ५ + ५. मधल्या तीन पर्लिनवर एकाआड एक, म्हणजे ३ × ३. एका पत्र्याला १९. ३८ × १९ = ७२२. शेवटच्या पत्र्याचा बाहेरचा उंचवटा राहतो, त्याचे प्रत्येक पर्लिनवर एक असे १०.

आता गेबलकडचे चार पत्रे. तिथं मधल्या पर्लिनवरही एकाआड एक ठेवू नका, सगळे उंचवटे भरा: ४ × ३ × २ = २४ जादा. वाऱ्याचा उचल दाब कडेला आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त असतो. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या दाबाच्या भारतीय मानकात कडा-कोपऱ्यांचे गुणांक वेगळे दिलेत ते त्याचसाठी. वळवाच्या वाऱ्यात पत्रा मधून क्वचितच जातो, कोपऱ्यातून उचकटायला सुरुवात होते.

एकूण ७५६. पाच टक्के तूट धरून ८००. तुमच्या फॅब्रिकेटरचे ६०० म्हणजे बहुतेक कडेच्या ओळीही एकाआड एक मारायचा बेत आहे. त्याला तेवढं विचाराच.

पत्रा_फिटिंग_उदगीर
साहेबांचा हिशोब बरोबर हाय, पण ८०० हे फक्त पर्लिनवरचे. पत्र्याला पत्रा जोडायचे स्टिचिंग स्क्रू वेगळे, आखूड, १६-२० मिमीचे. ते धरले नाहीत तर कारागीर जोड तसाच सोडतेत, आणि पाऊस वाऱ्यानं जोडातूनच आत येतो.

एका पाखीत १८ जोड, दोन्हीत ३६. पर्लिनवर जोड आधीच दाबला जातो. उरलं दोन पर्लिनमधलं चार फुटांचं अंतर, तिथं २ स्क्रू बसतेत. असे ४ गाळे, जोडाला ८. ३६ × ८ = २८८. गेबलच्या फ्लॅशिंगला, म्हणजे कडेला झाकणाऱ्या पट्टीला, फुटाला एक धरा, चार कडांचे ७२. मोभाची कॅप ८ फुटी घेतली, सहा इंच एकावर एक चढवली, तर ९ नग आणि ८ जोड, जोडाला ४ म्हणजे ३२. बेरीज ३९२. सव्वाचारशे आणा.

कॅप पत्र्याला धरायला वेगळे स्क्रू मोजू नका. वरच्या पर्लिनची ओळ आधी पत्र्यामागे एक-दोन मारून अडकवून ठेवायची, कॅप बसली की बाकीचे कॅपमधूनच मारायचे. ते स्क्रू ७५६ मध्ये आलेतच.

लांबी: उंचवटा २८-३० मिमी असंल तर १२-१४ × ५५, म्हणजे १२ गेज जाडी, इंचाला १४ आटे, लांबी ५५ मिमी. उंचवट्याच्या खाली जागा पोकळ असती, आखूड स्क्रू पर्लिनपर्यंत पोचतच नाही. खाली बबल शीट (उष्णता अडवणारी फुग्यांची शीट) टाकणार असाल तर लांबी आधी विचारून घ्या. बाजूच्या भिंतीला पत्रा लावणार असाल तर तिथं खोलगट भागात मारतेत, २५ मिमी पुरतो. छपरावर कधीच नाही, पाणी तिथूनच वाहतं.

औसेकर_शेती
लई उपकार, दोघांचेही. दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. ३८ पैकी ४ पत्रे उजेडासाठी पॉलिकार्बोनेटचे आहेत. आणि जुन्या शेडचे ५०×५०×६ चे अँगल पडलेत, वळचणीच्या पर्लिनला तेच वापरावेत असा विचार आहे. स्क्रू तेच चालतील ना?

साइट_नांदेड
पॉलिकार्बोनेट उन्हानं पोलादाच्या जवळपास पाचपट पसरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात १७ फुटी पत्र्याला ते चांगलंच जाणवतं. म्हणून स्क्रू थेट घुसवायचा नाही. आधी स्क्रूपेक्षा ३-४ मिमी मोठं भोक पाडायचं आणि वर रुंद वायसर. नुसता स्क्रू मारला तर भोकापासून तडा जातो, आणि तो पहिल्या पावसाळ्यात दिसत नाही, दुसऱ्यात दिसतो. या चार पत्र्यांना पाचही पर्लिनवर सगळे उंचवटे: ४ × २५ = १००. हे पत्रे गेबलकडे न ठेवता मध्ये ठेवा. मग ७५६ मधून त्यांचे ७६ वजा होतात, साधे ६८० उरतात. तुटीसह ७१५ साधे आणि १०५ रुंद वायसरवाले.

अँगलचं तसं नाही. हे स्क्रू स्वतःच भोक पाडत जातात. साध्या स्क्रूचं ३ नंबरचं टोक साधारण ५ मिमीपर्यंत लोखंड कापतं. ६ मिमीच्या अँगलवर ते तापून जळतं, स्क्रू जागेवर गरगर फिरतो आणि कारागीर मशीनवर अंगाचा भार टाकून पत्रा चेपतो. त्या ओळीला ५ नंबरचं टोक मागा, नाहीतर अँगलला खालून अडकवायचे ८ मिमीचे जे-हुक, डांबरी वायसरसह. खरं सांगायचं तर वळचणीलाही नवा पाइपच घ्या. सगळ्यात जास्त स्क्रू ज्या दोन ओळींवर, तिथंच जुनं लोखंड कशाला?

पत्रा_फिटिंग_उदगीर
तूट कशात जाते तेही ध्यानात घ्या. पर्लिनच्या वेल्डिंगवर टोक आलं की मोडतं. तिरका गेला की काढावा लागतो, आणि मोठं झालेल्या भोकात तोच स्क्रू परत धरत नाही. त्यासाठी जरा जाड, १४ गेजचे २५-३० वेगळे ठेवा.

घट्ट किती? रबर वायसर स्टीलच्या टोपीच्या कडेला जरासं दिसलं की थांबायचं. बाहेर फुगून आलं तर उन्हात वर्ष-दोन वर्षांत चिरतं. स्क्रू मशीनच वापरा, हातातलं साधं ड्रिल फार वेगात फिरतं आणि थांबत नाही. भोकांचा लोखंडी कीस रोज संध्याकाळी झाडून काढा, नाहीतर एका रात्रीच्या दवानं रंगीत पत्र्यावर गंजाचे ठिपके पडतेत.

शेडमध्ये सोयाबीनसोबत युरियाच्या थप्प्या लागणार असतील तर स्वस्तातले पिवळे स्क्रू घेऊ नका, जाड कोटिंगचे घ्या.

बोल्ट_जालना
पायाचे बोल्ट कुणी मोजलेच नाहीत. १२ खांब, खांबाला ४, म्हणजे ४८ नग, जादा २. खांबाच्या पायाची प्लेट खालून लेव्हल करायची असेल तर बोल्टला ३ नट: एक प्लेटखाली, दोन वर. १४४ नट, ९६ वायसर. दुकानदार बोल्टसोबत एकच नट देतो आणि काँक्रीट झाल्यावर धावाधाव होते. ओततेवेळी आट्यांवर ग्रीस लावून चिकटपट्टी गुंडाळा, आणि चारही बोल्ट एकाच प्लायच्या साच्यातून उभे करा. ५ मिमी सरकले तरी प्लेटचं भोक गॅसनं वाढवावं लागतं.

किलोवर माल घेताना २० नग नट-वायसरसकट वजन करून एका नगाचं वजन काढा, त्यावरून किलो ठरवा. आणि स्क्रूच्या पाकिटावर नग छापलेले असतात ते वाचा. दिसायला सारखी पाकिटं कधी २५० ची असतात, कधी २०० ची.