लेकॉक अ‍ॅबीतलं ‘मूळ’ म्हणजे नेमकं काय?

दगडी चौथरा: कालच्या धाग्यात ओसरी यांनी लिहिलं, ‘इंग्लंडमधल्या विल्टशरच्या लेकॉक अ‍ॅबीत १२३२ चा मठ तेवढा अस्सल. वास्तुकार सँडरसन मिलरचा १७५४-५५ चा नकली गॉथिक (मध्ययुगीन चर्चच्या धाटणीचा) हॉल आणि नंतरचा घरमालक, फोटोग्राफीचा आद्य संशोधक टॅल्बटच्या खिडक्या काढून टाका.’ वाचून डोकं फिरलं. काढल्यावर उरेल काय? १५३९ मध्ये मठ बंद झाला, विल्यम शॅरिंग्टननं तो घेऊन त्याचं राहतं घर केलं आणि चर्च पाडलं. चर्चची उत्तरेची भिंत मात्र ठेवली. घराची दक्षिण बाजू त्याच भिंतीवर उभी आहे. ओवऱ्या खाली तशाच, राहत्या खोल्या वरच्या मजल्यावर. टॅल्बटनं ओरिएल (भिंतीबाहेर आलेल्या) खिडक्या बसवल्या त्या याच बाजूला. त्यातल्या एकीची १८३५ ची निगेटिव्ह ही कॅमेऱ्यानं टिपलेली, आज टिकून असलेली सर्वांत जुनी. टपाल तिकिटाएवढा कागद. ती खिडकी उचकटायची?

ओसरी: चर्च पाडणं ही नासधूसच, तिला ‘थर’ म्हणून काय गौरवता? आणि प्रत्येक थर पवित्र असेल, तर जुन्या इंग्लिश घरांवरचं सिमेंटचं पॉइंटिंग, म्हणजे दगडांमधल्या दरजांत भरलेलं सिमेंट, का खरवडता? तोही थरच.

कळीचा चुना: खिडकी शेजारच्या दगडाला खात नाही, सिमेंट खातं! तिकडचा चुनखडीचा दगड मऊ. दरजेत चुना असला की भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडते. सिमेंट भरलं की ती दगडातून वाट काढते, क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साठतात, थंडीत पाणी गोठतं आणि पापुद्रे सुटतात. काही वर्षांत दगड आत जातो, सिमेंटच्या रेघा बरगड्यांसारख्या पुढे येतात. पण काढतानाही घाई नको. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा गेल्याच. छिन्नी-हातोडीनं, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल काढा. सिमेंट दगडाला घट्ट धरून असेल, तर सैल होईपर्यंत हात लावू नका. मग दरज धुऊन ओली करा, एक भाग विझवलेला चुना, तीन भाग करकरीत वाळू, दाबून भरा आणि ओल्या गोणपाटानं झाका.

थापी: साधा चुना पावसाच्या माऱ्यात धुऊन जातो. उघड्या भिंतीला एनएचएल, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, तोही ३.५ ताकदीचाच हवा.

कळीचा चुना: हीच पळवाट! नैसर्गिक हायड्रॉलिक चुना महिनोन्महिने घट्ट होत राहतो. मऊ दगडाला ३.५ सुद्धा जड पडू शकतो, आणि लोक तर ५ वापरतात. पिशवीवर चुना लिहिलंय म्हणून सगळं चालत नाही.

थापी: छपराच्या वरचे कठडे, धुराडी इथेही मऊ चुनाच भरणार? दोन हिवाळे टिकणार नाही. भिंतीची जागा बघून बोला.

कळीचा चुना: धुराड्यापुरतं मान्य. ओवऱ्यांच्या भिंतीला नाही.

दगडी चौथरा: अहो, प्रश्न मिलरच्या हॉलचा होता. कोनाड्यांतले भाजक्या मातीचे पुतळे, छतावरची रंगवलेली कुलचिन्हं, हे उतरवून त्यामागे तेरावं शतक सापडणार आहे का?

ओसरी: ठीक, खिडकी राहू द्या, निगेटिव्हपुढे मी काय बोलणार? सिमेंटचा मुद्दाही मागे घेतो. हॉल मला आजही त्या ओवऱ्यांशेजारी परकाच वाटतो.

थापी: आणि पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम सुरूच करू नका. कच्चा चुना एका रात्रीच्या हिमानं भुसभुशीत होतो, मग मिश्रण कुठलंही असो.