मदत हवी आहे: ॲपल पाय खालून गिळगिळीत राहतोय, गुरुवारच्या आत सांगा!!

लाडूवाली, मंगळवार रात्री
लोकहो, अर्जंट आहे. गुरुवारी थँक्सगिव्हिंगला नवऱ्याच्या मॅनेजरकडे जेवायला बोलावलंय आणि मी शहाणी सांगून बसले की ॲपल पाय मी घेऊन येते. दोनदा करून पाहिला. वरून मस्त सोनेरी होतो आणि खालचं क्रस्ट, म्हणजे मैद्याची पारी, आमटीत पडलेल्या पोळीसारखी. दुसऱ्या वेळी तर सुरी घातली आणि रस ताटभर पसरला. दहा मिनिटं जास्त ठेवला तर कडा करपल्या, तळ तसाच. रेसिपी नेहमीचीच आहे, वेगळं काही केलं नाही. प्लीज लिंका देऊ नका, वीस वाचून झाल्यात. मला फक्त तळ कडक व्हायला हवाय.

पोटोबा
शीर्षक वाचून वाटलं कुणाचा पाय मुरगळला. असो. "नेहमीची रेसिपी" म्हणजे कुणाची नेहमीची? भांडं कसलं, तापमान किती, रॅक कुठला, सफरचंदं कुठली? इथे काय पोपटवाले ज्योतिषी बसलेत का.

लाडूवाली
सॉरी, घाईत लिहिलं. भांडं ते वापरून फेकायचं फॉइलचं. ३५० फॅरनहाइटवर एक तास, मधला रॅक. सफरचंदं मॅकिंटॉश, ऑक्टोबरमध्ये पिकिंगला गेलो होतो तिथली, अर्धी पिशवी फ्रिजमध्ये पडून आहे ती संपवायचीच आहेत. कॉर्नस्टार्च (आपलं कॉर्नफ्लॉवर) दोन चमचे. क्रस्ट घरचं, बटरचं.

ओहायोकर
घ्या, सापडलं. ३५० वर पायचा तळ होत नाही, तिथे बटर आधी वितळून जातं आणि मैदा नुसता भिजत बसतो. सुरुवात ४२५ वर, वीस मिनिटं, सगळ्यात खालच्या रॅकवर. ओव्हन तापवतानाच आत एक जाड बेकिंग ट्रे ठेवून द्यायचा आणि पाय त्या तापलेल्या ट्रेवर, म्हणजे तव्यावर भाकरी टाकल्यासारखी खालून धग लागते. मग ३७५ करून अजून चाळीस-पन्नास मिनिटं, कडा लाल व्हायला लागल्या की त्यांच्यावर फॉइलची पट्टी. वरच्या चिरांतून रस बुडबुडताना दिसला पाहिजे, तो उकळला नाही तर कॉर्नस्टार्च घट्ट होतच नाही, पिठूळ पाणी राहतं. आणि ते फॉइलचं भांडं फेक आधी, चकचकीत पातळ, धग परत पाठवतं. काचेची नऊ इंची पायडिश आण, खालून रंग तरी दिसतो.

बटाटेवडा
काच सांभाळून हं. माझ्या जावेने फ्रीजरमधली काचेची डिश तशीच तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवली, फाटकन आवाज आणि आख्ख्या ओव्हनभर काचा, थँक्सगिव्हिंगला शेवटी मागवलेला पिझ्झा खाल्ला. गार क्रस्ट तापलेल्या ट्रेवर ठेवणार असशील तर मळकट रंगाचं धातूचं भांडं बरं.

कोकणातली_सुगरण
अगं इतकं काय अवघड करता सगळे. आपण करंजीला काय करतो? कडकडीत तुपाचं मोहन. तेच घाल मैद्यात, बटरबिटर काही नको, खुसखुशीत होईल. माझ्या करंज्या पंधरा दिवस मऊ पडत नाहीत.

ओहायोकर
सुगरणताई, करंजी तळायची असते आणि आत सारण कोरडं. इथे आत सव्वा किलो रसाळ सफरचंदं. कडकडीत मोहन घातलं की तूप मैद्याच्या कणाकणाला लागतं आणि पारी भुरभुरीत होते, पायला पापुद्रे हवेत. त्यासाठी बटर बर्फासारखं गार, वाटाण्याएवढे तुकडे तसेच दिसले पाहिजेत, ओव्हनमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर उचलले जातात. तुपात पाणीच नसतं. तुलनाच करायची तर चिरोट्याशी करा.

कोकणातली_सुगरण
चिरोट्याचा साटा तुपाचाच असतो बरं का. आणि थर सुटतातच.

ओहायोकर
सुटतात कारण तुम्ही साटा थापून घडी घालता. मोहनाने नाही सुटत. माझा मुद्दा तोच आहे.

पोटोबा
तुमचं चालू द्या, तोवर बाई गुरुवारी उपाशी.
लाडूवाली, मॅकिंटॉशचा हट्ट सोड. ते शिजलं की लगदा. ग्रॅनी स्मिथ आण, हिरवं आंबट, फोड उभी राहते, गोडाला हनीक्रिस्पची दोन टाक. मॅकिंटॉशचा साखरांबा कर, पोळीबरोबर मुलं खातात.

जॉर्जियाची_पाटलीण
मी म्हणते पाय कशाला? कॉब्लर कर. आमच्याकडे इथे पीचचाच करतात. नऊ बाय तेराच्या भांड्यात अर्धा कप बटर ओव्हनमध्येच वितळव, त्यावर एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दोन चमचे बेकिंग पावडर, चिमूट मीठ हे सरसरीत मिश्रण ओत, वर फळं सोड आणि ढवळायचं नाही!! ३५० ला पाऊण तास. पीठ आपोआप फळांच्या वर फुगून येतं. आत्ता नोव्हेंबरात ताजे पीच कुठले, फ्रोजन चालतात. तळच नाही तर मऊ कुठून पडणार.

लाडूवाली
पाटलीणबाई, ऐकायला छान आहे पण पाय सांगून बसलेय हो, त्यांच्या यादीत माझ्या नावापुढे पाय लिहिलंय.

बटाटेवडा
मग बाजारातलं तयार क्रस्ट आण ना.

पोटोबा
आणायचं तर पाकिटावरचं नीट वाच. काहींमध्ये लार्ड असतं, म्हणजे डुकराची चरबी. आम्ही दोन वर्षं आनंदाने खात होतो, सासूबाई आल्या तेव्हा त्यांनीच चष्मा लावून वाचलं. पुढचं सांगत नाही.

सदाशिवपेठी
नमस्कार, मी पुण्यातून. माझा ओटीजी २३० सेल्सिअसपर्यंतच जातो आणि खालचा रॉड मधूनच बंद पडतो. बिनअंड्याचा स्पंज मधे बसतो. दही वापरते. कुणी सांगेल का?

मिशिगनमामी
पम्पकिन पाय करणाऱ्यांसाठी एक सूचना, एव्हॅपोरेटेड मिल्क आणि कंडेन्स्ड मिल्क हे दोन वेगळे डबे आहेत. शेजारी शेजारी ठेवतात मेले. मी पहिल्या वर्षी कंडेन्स्ड घातलं, वर साखर वेगळी घातलीच होती, पहिल्या घासालाच सगळ्यांनी पाण्याचे ग्लास उचलले.

पोटोबा
मामी, पम्पकिनचं कुणी विचारलंच नाही.

मिशिगनमामी
विचारतील तेव्हा उपयोगी पडेल.

लाडूवाली, बुधवार सकाळ
ग्रॅनी स्मिथ आणले. धातूचं भांडं शेजारणीचं मिळालं. आज रात्री ऑफिसमधून आले की नेहमीसारखा भरून फ्रिजमध्ये ठेवते आणि उद्या सकाळी उठल्या उठल्या ४२५ ला टाकते. बरोबर ना?

ओहायोकर
थांब थांब थांब. "नेहमीसारखा भरून" म्हणजे? आधीचे दोन्ही पण रात्री भरून ठेवलेले??

लाडूवाली
हो मग, सकाळी वेळ कुठे असतो. सफरचंदांना साखर, दालचिनी लावायची, क्रस्टमध्ये भरायची, वरची पारी लावून फ्रिजमध्ये. का?

ओहायोकर
अगं बाई!! हे काल का नाही सांगितलंस, इथे आम्ही मोहनावरून भांडतोय. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी का घालतो आपण? पाणी सुटतं म्हणून. तसंच साखर लावली की सफरचंद पाणी सोडतं. ते पाणी रात्रभर कच्च्या पारीत मुरत बसलं. मग ओव्हन काय डोंबल करणार.

कोकणातली_सुगरण
हे मात्र खरं. करंज्या भरून ठेवल्या तरी आम्ही लगेच तळतो, नाहीतर फुटतात.

ओहायोकर
आज रात्रीच भाज. फोडींना साखर लाव, तासभर चाळणीत ठेव, खाली भांडं. अर्धा-पाऊण कप रस निघेल. तो रस चमचाभर बटर घालून आटव, काकवीसारखा दाट होईपर्यंत, आणि गार करून परत फोडींवर ओत. चव सगळी राहते, पाणी जातं. मग कॉर्नस्टार्च लावून भर आणि लगेच ओव्हनमध्ये. आणि गरम कापू नकोस, किमान तीन-चार तास. रात्रभर ओट्यावर झाकून राहिला तरी चालतो. पम्पकिनचा मात्र फ्रिजमध्येच, त्यात अंडं-दूध असतं.

मिशिगनमामी
बघा, आला की नाही पम्पकिन.

लाडूवाली
बाप रे, दोन्ही वेळा मी गरमच कापला होता. मुलं सुरी घेऊन उभी होती.

लाडूवाली, शुक्रवार
झाला!!! रात्री साडेदहाला ओव्हनमध्ये टाकला, पावणेबाराला काढला. रस आटवताना फोन आला आणि थोडा जास्तच चिकट झाला, पण निभावलं. काल पहिला तुकडा उचलला तेव्हा खालून सुरीने टोकून पाहिलं, टक् वाजलं. ताटात थेंब नाही. एका बाजूची कड करपलीच, फॉइल लावायला विसरले, ती बाजू मी नवऱ्याला वाढली. मॅनेजरच्या आईने दुसरा तुकडा मागितला आणि बटर कुठलं म्हणून विचारलं. ओहायोकर, तुमचे आभार कसे मानू.
फक्त घाईत शेजारणीचं भांडं तिकडेच राहिलं. आता ते मागायचं कसं?

बटाटेवडा
मागू नकोस, विचित्र दिसतं. नवीन घेऊन दे शेजारणीला.

पोटोबा
काहीही काय, मेसेज टाक सरळ. आणि पुढच्या वेळी तळाला नावाची पट्टी चिकटव, आमच्या मंडळाच्या पॉटलकमध्ये माझी तीन झाकणं गेलीत.

सदाशिवपेठी
ओटीजीचं राहिलंच.